फ्रिजवर लावलेला नकाशा

एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. नाव न छापण्याची त्यांची विनंती आहे. पत्राचा मुख्य भाग असा:

«आम्ही कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर राहतो. ऑगस्ट २०२३ मध्ये फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रातले पाणी समुद्रात सोडायला सुरुवात झाली, तेव्हापासून माझ्या पतींनी घरात मासे आणणे बंद केले आहे. मुलाला ते समुद्रात उतरू देत नाहीत. फ्रिजवर त्यांनी एक रंगीत नकाशा लावला आहे. त्यात जपानपासून निघालेले लाल-जांभळे पट्टे थेट अमेरिकेच्या किनाऱ्याकडे पसरलेले दिसतात. गेल्या महिन्यात त्यांनी किरणोत्सर्ग टिपणारा गायगर काउंटर विकत घेतला आणि किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूजवळ नेल्यावर तो खरोखरच जोरात वाजू लागला. आता ते घर विकून समुद्रापासून लांब जाऊ या म्हणतात. पाणी सोडायला लागले त्याच सुमारास माझा गर्भपात झाला होता. आता मला पुन्हा चौथा महिना आहे आणि त्यांनी आयोडिनच्या गोळ्या आणून ठेवल्या आहेत. नऊ वर्षांच्या मुलाला शाळेत कळले की किनाऱ्यावरचे तारामासे मोठ्या संख्येने मेले. परवा तो मला विचारत होता, ‘आई, समुद्र मरणार आहे का?’ खरे काय ते सांगा, आणि यांच्याशी न भांडता मी कसे बोलू तेही सांगा.»

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट थांबू शकत नाही, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो. त्या आयोडिनच्या गोळ्या तुम्ही घेऊ नका, आणि घेतली असेल तर आजच तुमच्या डॉक्टरांना कळवा. पोटॅशियम आयोडाइडची गोळी एकाच गोष्टीपासून वाचवते: किरणोत्सारी आयोडिन-१३१ शरीरात जाऊन थायरॉइड ग्रंथीत साठण्यापासून. या आयोडिनचे अर्धायुष्य ८ दिवसांचे असते, म्हणजे दर आठ दिवसांनी ते निम्मे उरते आणि ऐंशी दिवसांत हजारावा भागही राहत नाही. फुकुशिमातून मार्च २०११ मध्ये बाहेर पडलेले आयोडिन-१३१ त्याच वर्षी संपले. त्या मार्चमध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या दुकानांतून या गोळ्या भराभर खपल्या होत्या आणि तेव्हाही त्यांची गरज नव्हती. तुमच्यासाठी मात्र त्या नुसत्या निरुपयोगी नाहीत. गर्भारपणात गरज नसताना एवढे आयोडिन पोटात गेले, तर बाळाच्या थायरॉइडचे काम मंदावण्याचा धोका असतो. डॉक्टरांनी दिलेल्या जीवनसत्त्वांच्या गोळीत आयोडिन असेल तर ती जरूर चालू ठेवा. त्यातली मात्रा या गोळीपेक्षा शेकडो पटींनी कमी असते आणि बाळाला ती हवीच असते.

आता समुद्राविषयी. मी आयुष्यातली बरीच वर्षे प्रयोगशाळेत किरणोत्सर्ग मोजण्यात घालवली आहेत. त्या कामाने मला एक सवय लावली. ‘आहे की नाही’ या प्रश्नाचे उत्तर मिळाले की मी तिथे थांबत नाही, लगेच ‘किती’ आणि ‘कुठे’ असे विचारतो. फुकुशिमाचे किरणोत्सारी पदार्थ पॅसिफिक महासागर ओलांडून तुमच्या किनाऱ्यापर्यंत आले का? हो, आले. तुमच्या पतींचे हे म्हणणे खरे आहे आणि त्यांना खोटे पाडायला जाऊ नका. प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्यासमोर ९.० तीव्रतेचा भूकंप झाला. त्यामागोमाग आलेल्या त्सुनामीची लाट फुकुशिमा दाइइची केंद्रात सुमारे १४ ते १५ मीटर उंचीपर्यंत चढली. भट्ट्या थंड ठेवणाऱ्या यंत्रणेची वीज गेली आणि तीन भट्ट्यांमधले इंधन वितळले. हवेत जे उडाले त्याचा बहुतांश भाग वाऱ्याने समुद्रावर नेला, शिवाय भट्ट्यांवर ओतलेले दूषित पाणी थेट समुद्रात वाहत होते. दुसऱ्या क्रमांकाच्या भट्टीजवळच्या एका खड्ड्याला भेग पडली होती. ती बुजवण्यासाठी कामगारांनी आधी काँक्रीट ओतले, मग पाणी शोषणारा पॉलिमर, लाकडाचा भुसा आणि फाडलेली वर्तमानपत्रे कोंबली, तरी गळती थांबेना. शेवटी ६ एप्रिलला सोडियम सिलिकेट ओतल्यावर ती थांबली. त्या दिवसांत केंद्राच्या तोंडाशी असलेल्या समुद्रात सिझियम-१३७ या किरणोत्सारी द्रव्याचे प्रमाण घनमीटरला ६ कोटी बेकरेलहून अधिक झाले होते. बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचे विघटन. ६ कोटी हा आकडा भयंकर आहे आणि त्या किनाऱ्यावरच्या माणसांनी, माशांनी आणि तळाच्या गाळाने तो खरोखर सोसला आहे.

तुमच्या फ्रिजवरचा नकाशा मी पाहिलेला नाही, पण तुम्ही केलेल्या वर्णनावरून तो कोणता असावा याची मला जवळपास खात्री आहे. अमेरिकेच्या महासागर व वातावरण प्रशासनाने, म्हणजे नोआने, मार्च २०११ मध्ये तो तयार केला होता आणि त्याचा किरणोत्सर्गाशी काहीही संबंध नाही. त्सुनामीची लाट महासागरात कुठे किती उंच होती, हे त्यात दाखवले आहे. जांभळा आणि काळपट भाग उंच लाटेचा, पिवळा ठेंगण्या लाटेचा, आणि मूळ नकाशाच्या मोजपट्टीवर एकक आहे सेंटिमीटर. पुढे कोणीतरी त्याला किरणोत्सर्गाचा नकाशा म्हणून फिरवले आणि तो जगभर पसरला. किरणोत्सर्ग सेंटिमीटरमध्ये मोजत नाहीत, पण रंगांकडे पाहणारा माणूस मोजपट्टीकडे पाहत नाही. चांगले शिकले-सवरलेले लोकही त्याला फसले. तुमच्या पतींना एकट्याला दोष देण्यासारखे त्यात काही नाही.

खरा प्रवास लाटेसारखा झाला नाही. त्सुनामी काही तासांत पॅसिफिक ओलांडते, तर पाण्यात विरघळलेले सिझियम प्रवाहाच्या चालीने जाते. जपानजवळून कुरोशिओ हा उबदार प्रवाह वाहतो. तो पूर्वेकडे वळतो, उत्तर पॅसिफिक प्रवाहात मिसळतो आणि अमेरिकेजवळ पोहोचल्यावर एक फाटा अलास्काकडे, दुसरा कॅलिफोर्नियाकडे जातो. या वाटेला काही वर्षे लागतात, आणि तेवढ्या काळात वादळे, भोवरे आणि हिवाळ्यात खोलवर ढवळणारे पाणी यांमुळे ते सिझियम अफाट पाण्यात विखुरले जाते.

ते इकडे पोहोचले तेव्हा किती उरले होते, याचे उत्तर मिळवण्याची कहाणी मला मनापासून आवडते. त्या वेळी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे समुद्राचे पाणी नियमितपणे तपासण्याची पुरेशी सरकारी सोय नव्हती. मॅसॅच्युसेट्समधल्या वुड्स होल सागरविज्ञान संस्थेतले केन ब्युसेलर यांनी जानेवारी २०१४ मध्ये लोकांनाच हाक दिली. किनाऱ्यावरच्या सामान्य लोकांनी वर्गणी काढली, वीस लिटरचे डबे समुद्राच्या पाण्याने भरले आणि खोकी बांधून प्रयोगशाळेत पाठवली. तिथे ते पाणी सिझियम धरून ठेवणाऱ्या पदार्थाच्या नळीतून सोडतात आणि मग ती नळी शिशाच्या आवरणातल्या यंत्राजवळ दीर्घकाळ ठेवून एकेक विघटन मोजतात. ओळख पटवणारी खूण असते सिझियम-१३४. त्याचे अर्धायुष्य दोनच वर्षांचे, त्यामुळे १९५० आणि १९६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमधले सिझियम-१३४ केव्हाच संपले आहे. पॅसिफिकच्या पाण्यात ते सापडले, तर ते फुकुशिमाचेच. किनाऱ्यावर ही खूण पहिल्यांदा सापडली ती फेब्रुवारी २०१५ मध्ये, कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटावरच्या युक्लूलेट या गावी. आकडे होते घनमीटरला १.४ बेकरेल सिझियम-१३४ आणि ५.८ बेकरेल सिझियम-१३७.

घनमीटर म्हणजे हजार लिटर. एका मोठ्या न्हाणीच्या टबात दोनशे लिटर पाणी मावते असे धरू. युक्लूलेटच्या पाण्याने तो टब भरला, तर त्यात सिझियमची सेकंदाला दीडच्या आसपास विघटने होतील. त्याच टबात, समुद्र निर्माण झाला तेव्हापासून असलेल्या नैसर्गिक पोटॅशियम-४० ची विघटने सेकंदाला दोन हजारांहून अधिक होतात. आणि टबात उतरणाऱ्या मोठ्या माणसाच्या स्वतःच्या शरीरात, त्याच पोटॅशियममुळे, सेकंदाला चार हजारांच्या आसपास. वुड्स होलच्या शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला होता की त्या पाण्यात रोज सहा तास, वर्षभर पोहले, तरी मिळणारी किरणोत्सर्गाची मात्रा दाताच्या एका एक्स-रेच्या हजारपट कमी भरेल. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात सिझियम-१३७ ला घनमीटरमागे ७,४०० बेकरेलपर्यंत मुभा आहे. पुढे अमेरिकेच्या किनाऱ्यापासून खूप दूर, भर समुद्रात, घनमीटरला ११ बेकरेलपर्यंतचे नमुनेही मिळाले. त्या साऱ्या मोहिमेतले ते मोठे आकडे. पहिल्या ६ कोटींशेजारी हे ११ ठेवून पाहावेत, अशी मी तुम्हा दोघांना विनंती करतो. आणि २०११ चे सिझियम-१३४ आजवर सात वेळा निम्मे झाले आहे, म्हणजे शंभरावा भागही उरलेला नाही.

मग काउंटर का वाजला? तुमच्याच भागात, डिसेंबर २०१३ मध्ये, एका माणसाने किनाऱ्यावर काउंटर वाजतानाची चित्रफीत काढली होती आणि मोठी खळबळ उडाली होती. कॅलिफोर्नियाच्या आरोग्य खात्याने वाळू तपासली. तिच्यात फुकुशिमाचे काही नव्हते. होते ते थोरियम आणि रेडियम, तिथल्या खडकांतले नैसर्गिक किरणोत्सारी घटक. लाटा हलकी पांढरी वाळू ओढून नेतात आणि जड, काळी खनिजे मागे ठेवतात. थोरियम अशाच जड खनिजांत असते. म्हणून यंत्र वाजते ते काळ्या वाळूपाशी. ते खोटे बोलत नाही, फक्त तुमच्या पतींनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देत नाही. हे जरा सविस्तर सांगतो, कारण माझा अनुभव असा की यंत्र हातात घेणाऱ्या माणसाला यंत्राचीच भाषा पटते. आता सोडल्या जाणाऱ्या पाण्यात जो ट्रिशियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, उरतो, त्याचे किरण इतके दुबळे असतात की ते त्वचेचा वरचा मृत थरही ओलांडत नाहीत, घरगुती काउंटरच्या आवरणातून आत शिरणे तर दूरच. आणि हजार लिटरमध्ये पाच-दहा बेकरेल सिझियम शोधायला प्रयोगशाळेतल्या यंत्रालाही फार वेळ लागतो. म्हणजे ज्या दोन गोष्टींची त्यांना भीती आहे, त्या दोन्ही त्या यंत्राच्या आवाक्याबाहेर आहेत.

२४ ऑगस्ट २०२३ पासून सोडल्या जाणाऱ्या पाण्याबद्दल मी अधिक जपून लिहितो, कारण इथे लोकांचा संशय हवेतून आलेला नाही. वितळलेले इंधन थंड ठेवण्याचे पाणी आणि आत झिरपणारे भूजल मिळून हजाराहून अधिक टाक्यांत सुमारे १३ लाख घनमीटर पाणी साठले होते. ते गाळणी यंत्रणेतून जाते, बहुतेक किरणोत्सारी द्रव्ये तिथे काढली जातात, पण ट्रिशियम हा हायड्रोजनचाच प्रकार असल्याने तो पाण्याचाच भाग होऊन राहतो आणि गाळून निघत नाही. म्हणून समुद्राचे पाणी मिसळून ते लिटरला १,५०० बेकरेलच्या खाली आणतात आणि समुद्रतळाखालच्या एक किलोमीटर लांब बोगद्यातून सोडतात. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा मार्गदर्शक आकडा लिटरला १०,००० बेकरेल आहे. वर्षभरात सोडायच्या ट्रिशियमची कमाल मर्यादा २२ लाख कोटी बेकरेल आहे. ऐकायला ती प्रचंड वाटते, पण वजनात ते सारे ट्रिशियम एका ग्रॅमच्या दहाव्या भागाहूनही कमी भरते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने जुलै २०२३ मध्ये ही योजना सुरक्षिततेच्या जागतिक निकषांत बसते असा अहवाल दिला आणि तिचे लोक तिथे पाहणी करतात.

मग संशय का? केंद्र चालवणाऱ्या टेप्को कंपनीने दूषित भूजल समुद्रात जात असल्याचे जुलै २०१३ मध्ये कबूल केले, अपघातानंतर दोन वर्षांहून अधिक काळाने. २०१८ मध्ये तिने मान्य केले की ‘प्रक्रिया केलेल्या’ बहुतांश पाण्यात ट्रिशियमखेरीज इतर द्रव्येही मर्यादेपेक्षा जास्त होती; असे पाणी सोडण्याआधी पुन्हा गाळावे लागते. संबंधितांच्या संमतीशिवाय पाणी सोडणार नाही, असे आश्वासन फुकुशिमाच्या मच्छीमारांना २०१५ मध्ये दिले होते, आणि मच्छीमार विरोध करत असतानाच ते सोडले गेले. पॅसिफिकमधल्या बेटांच्या लोकांना तर याहून जुनी जखम आहे. मार्शल बेटांवर अमेरिकेने १९४६ ते १९५८ या काळात ६७ अणुचाचण्या केल्या आणि तेव्हाही त्यांना धोका नसल्याचेच सांगितले गेले होते. त्या लोकांनी आज आकड्यांवर चटकन विश्वास ठेवला नाही, तर मी त्यांना अडाणी म्हणणार नाही. मला स्वतःला वाटते की पाणी सोडण्याआधी त्यांना बरोबर घ्यायला हवे होते, आणि टाक्यांतल्या प्रत्येक तुकडीची मोजणी स्वतंत्र प्रयोगशाळांनी पुढची अनेक दशके करत राहायला हवी. तिन्ही भट्ट्यांत मिळून सुमारे ८८० टन वितळलेले इंधन आहे. त्यातला पहिला नमुना नोव्हेंबर २०२४ मध्ये बाहेर काढता आला, तो एक ग्रॅमही नव्हता. हे काम किती लांबणार याची त्यावरून कल्पना यावी.

पण ही सारी काळजी ज्या किनाऱ्याची आहे तो तुमचा किनारा नाही. मे २०२३ मध्ये केंद्राच्या बंदिस्त बंदरात पकडलेल्या एका काळ्या रॉकफिशमध्ये किलोला १८,००० बेकरेल सिझियम सापडले, तेव्हा जपानची खाद्यमर्यादा १०० बेकरेलची होती. तो मासा बाजारात गेला नाही. बंदराच्या तोंडाशी जाळी लावतात ती अशाच माशांसाठी. याउलट तुमच्या समुद्रातले उदाहरण पाहा. ब्ल्यूफिन टुना जपानजवळ वाढतो आणि पोहत कॅलिफोर्नियाला येतो, म्हणजे तो सिझियम थेट अंगात घेऊन आला. ऑगस्ट २०११ मध्ये सॅन डिएगोजवळ पकडलेल्या १५ टुनांत, वाळवलेल्या मांसाच्या किलोमागे, दोन्ही सिझियम मिळून सुमारे १० बेकरेल निघाले, अपघातानंतर अवघ्या पाच महिन्यांनी. त्याच मांसातले नैसर्गिक पोटॅशियम याच्या तीसपटीहून अधिक होते, आणि माशांत नेहमीच असणाऱ्या पोलोनियम या नैसर्गिक किरणोत्सारी द्रव्यामुळे खाणाऱ्याला मिळणारी मात्रा सिझियमच्या शेकडो पट होती. समुद्री मासे सिझियम साठवून ठेवत नाहीत. स्वच्छ पाण्यात आले की काही आठवड्यांत ते बाहेर टाकू लागतात.

तेव्हा मासे खा, पण कोणते ते नीट निवडा. गरोदर बाईने माशांबाबत ज्याची काळजी घ्यावी असा पदार्थ खरोखर आहे, आणि तो पारा आहे. शार्क, स्वोर्डफिश, किंग मॅकरेल, मार्लिन आणि बिगआय टुना पूर्ण टाळा. सामन, सार्डिन, ट्राउट अशा कमी पाऱ्याच्या माशांचे आठवड्याला दोन-तीन वेळचे जेवण, एकूण सव्वादोनशे ते साडेतीनशे ग्रॅम, बाळाच्या मेंदूसाठी चांगले असते, असा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला आहे. कच्चे मासे मात्र नकोत. दोन वर्षे घरात मासे नाहीत, याचा हिशेबही तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घाला.

मुलाला समुद्रात उतरू द्या. उत्तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर अचानक येणारी मोठी लाट आणि आत ओढणारा प्रवाह यांनी माणसे जातात, तेव्हा त्याच्याबरोबर मोठे माणूस असू द्या, समुद्राकडे पाठ करून कोणी उभे राहू नका, आणि मोठ्या पावसानंतर दोन-तीन दिवस पाण्यात जाऊ नका, कारण गटारांचे पाणी समुद्रात आलेले असते.

घर विकण्याच्या विचाराविषयी एकच गोष्ट सांगतो. फुकुशिमा प्रांतात घाईने झालेल्या स्थलांतरात, आणि त्यानंतरच्या वर्षांतल्या विस्थापितपणात, २,३०० हून अधिक लोकांचे मृत्यू आपत्तीशी निगडित म्हणून नोंदले गेले आहेत. त्यात बहुतेक वृद्ध होते. किरणोत्सर्गाच्या परिणामांचा अभ्यास करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीला मात्र, दहा वर्षांच्या अभ्यासानंतर, तिथल्या रहिवाशांमध्ये थेट किरणोत्सर्गाला जोडता येतील असे आजार आढळले नाहीत. भट्ट्यांजवळच्या लोकांना तेव्हा हलवणे आवश्यकच होते, पण आपले घर, शेजार आणि डॉक्टर सोडण्याची किंमतही माणसाच्या शरीराला मोजावी लागते. तुम्ही चौथ्या महिन्यात आहात. ज्या कारणासाठी जायचे ते कारणच नसेल, तर ही किंमत देऊ नका.

मुलाला तारामाशांविषयी खोटा दिलासा देऊ नका, कारण ते खरोखर मेले. २०१३ पासून मेक्सिकोपासून अलास्कापर्यंत कोट्यवधी तारामासे अक्षरशः विरघळून गेले, आणि वीसहून अधिक भुजा असलेला सूर्यफूल तारामासा तुमच्या किनाऱ्यावरून जवळजवळ नाहीसा झाला. फुकुशिमाचे पाणी पोहोचायचा आणि हा रोग पसरायचा काळ एकच होता, त्यामुळे दोहोंची सांगड घातली जाणे स्वाभाविक होते. कारण सापडायला बारा वर्षे गेली. २०२५ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की सूर्यफूल तारामाशांना मारणारा व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा नावाचा जिवाणू आहे. त्याच वर्षांत तो समुद्र नेहमीपेक्षा खूप तापला होता, आणि उष्ण पाण्यात हा रोग अधिक भडकतो असे दिसते. ‘समुद्र मरणार नाही, पण त्याला ताप आहे, आणि त्याचे औषध शोधणारी माणसे कामाला लागली आहेत’ असे मुलाला सांगितलेत, तर ते त्याच्या वयाला पेलेल आणि खरेही असेल.

आता तुमच्या पत्रातल्या त्या वाक्याकडे येतो, जे तुम्ही काउंटर आणि गोळ्या यांच्या मधोमध, जाता जाता लिहिलेत. पाणी सोडायला लागले त्याच सुमारास तुमचा गर्भपात झाला. पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्या वेळी मला इतर सगळे या वाक्याभोवती गोळा झालेले दिसले. मासे तेव्हापासून बंद झाले, समुद्र तेव्हापासून वर्ज्य झाला, आणि आता पुन्हा दिवस गेल्यावर काउंटर आला, गोळ्या आल्या, घर विकण्याची भाषा आली. माझा अंदाज चुकू शकतो, पण मला वाटते की तुमच्या पतींना महासागराची जेवढी भीती आहे, त्याहून अधिक भीती त्या दिवसाची आहे. आपले मूल का गेले, याला कोणीच उत्तर दिले नसेल, आणि त्याच आठवड्यांत बातम्यांनी एक उत्तर पुढे केले. ज्या दुःखाला कारण नसते ते माणसाला सोसवत नाही. भीतीला निदान राखण करता येते. ते राखण करत आहेत.

म्हणून मी वर दिलेले आकडे त्यांच्यासमोर एकदम ठेवू नका. आधी त्या गर्भाविषयी बोला, जमल्यास घराबाहेर, मुलगा जवळ नसताना. तुम्हालाही त्या वेळी काय वाटले ते सांगा, कारण पत्रावरून असे दिसते की तुम्हीसुद्धा ते एका वाक्यात गुंडाळून ठेवले आहे. सुरुवातीच्या महिन्यांतल्या गर्भपातांपैकी निम्म्यांच्या आसपास गर्भपात हे गर्भाच्या गुणसूत्रांत पहिल्या क्षणीच झालेल्या चुकीमुळे होतात, आणि ती चूक आईने काय खाल्ले, बाप कुठे राहिला, यावर अवलंबून नसते. हे त्यांनी तुमच्याकडून नव्हे, तर डॉक्टरांच्या तोंडून ऐकायला हवे. पुढच्या तपासणीला त्यांना बरोबर न्या आणि प्रश्न त्यांनाच विचारू द्या: किरणोत्सर्गाचा, गोळ्यांचा, त्या वेळचा, सगळाच. डॉक्टरांना आधी फोन करून थोडा अधिक वेळ मागून ठेवा.

त्यानंतर एखाद्या रविवारी ओहोटीच्या वेळी तिघे किनाऱ्यावर जा आणि काउंटर बरोबर घ्या. तो मुलाच्या हातात द्या. आधी पांढऱ्या वाळूवर, मग काळ्या पट्ट्यावर, मग ओंजळीतल्या समुद्राच्या पाण्याजवळ धरायला सांगा आणि आकडे वहीत लिहायला सांगा. पाण्याजवळ तो शांत राहील. का, ते तुमच्या पतींना मुलाला समजावून द्यायला सांगा. समजावताना त्यांना स्वतःला ते शोधावे लागेल. खडकांमधल्या डबक्यांत पाहा. जांभळे आणि नारिंगी तारामासे काही ठिकाणी परत दिसू लागले आहेत.

फ्रिजवरचा नकाशा तुम्ही काढू नका. मूळ नकाशा, मोजपट्टी आणि तिच्यावरचे सेंटिमीटर दिसतील एवढ्या आकारात छापून घ्या आणि त्याच्या शेजारी लावा. काढायचा तेव्हा तो तेच काढतील.